व्हेनिस: मुक्काम आत की मेस्त्रेत?

व्हेनिस ठरलं की पहिला घोळ हाच. हॉटेल बेटावर घ्यायचं, की पुलापलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत? मी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्यांदा आई-बाबांसोबत मेस्त्रे, मग पुढच्या खेपेला आत, बेटावरच्या कान्नारेजो भागात.

मेस्त्रेची बाजू लंगडी नाही. त्याच पैशांत खोली ऐसपैस, बहुतेक ठिकाणी लिफ्ट, आणि बेटावरचं सांता लुचिया स्टेशन रेल्वेने दहा-बारा मिनिटांवर. विया पियावेच्या आसपास बांगलादेशी दुकानं आहेत. तिथे हिरव्या मिरच्या दिसल्यावर आईचा चेहरा खुलला होता. शिवाय मेस्त्रे व्हेनिसच्याच महापालिकेत येतं, त्यामुळे २०२४ पासून ठरावीक दिवशी लागणारं प्रवेशशुल्क तिथे मुक्काम करणाऱ्यांनाही माफ. (ऑनलाइन नोंद मात्र करावी लागते.)

आमचं गणित बिघडलं ते बाबांच्या वामकुक्षीवर. जेवल्यावर अर्धा तास पाठ टेकली नाही तर त्यांचा दिवस संपतो. व्हेनिसमध्ये बाक शोधत फिरावं लागतं. सान मार्को चौकात पायऱ्यांवर बसकण मारली तर दंड. खुर्ची हवी तर कॉफी मागवा. शेवटी दुपारीच परत निघालो. वापोरेत्तो (म्हणजे पाण्यावरची बस), मग रेल्वे, मग हॉटेलपर्यंत पायपीट. तास सहज गेला. आडवे झाले ते उठेचनात. "उद्या बघू." तिन्ही दिवस हेच. दिवसभराची गर्दी ओसरल्यावरचं व्हेनिस आम्ही पाहिलंच नाही.

आतली खोली लहान होती, महागही, आणि जिना अंगावर येणारा. पण दोनला येऊन झोपायचं, उठून चहा, सहाला पुन्हा बाहेर. १५१६ सालच्या घेट्टोच्या, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीच्या चौकात संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळत होती. नुसतं बघत बसलो.

बॅगांची भीती खरी आहे. इथे पूल म्हणजे पायऱ्या. वास्तुकार कालात्रावाचा २००८चा नवा पूलही त्याला अपवाद नाही. म्हणून हॉटेलवाल्याला आधी विचारा, "स्टेशनपासून वाटेत पूल किती?" सांता लुचियातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दि स्पान्याला लागलात, तर गुल्ये पुलापर्यंत एकही नाही. आम्ही तिथेच राहिलो होतो.

गाडी भाड्याने घेऊन हिंडणार असाल तर मात्र मेस्त्रे बरं. गाडी बेटाच्या तोंडाशी असलेल्या पियात्साले रोमा चौकाच्या पुढे जात नाही. तुमच्यात दुपारी झोपणारं कुणी नसेल, तरीही कदाचित.