त्रिकोणी शालीसाठी ट्युनिशियन मोझॅक, की दुसरं काही?

दोन रंगांची, कोनाकोनांच्या नक्षीची त्रिकोणी शाल करायचं मनानं घेतलं की बहुतेक जण आधी नक्षी शोधत बसतात. माझं म्हणणं उलट आहे, नक्षी सगळ्यात शेवटी ठरवा. पायऱ्या, चौकडी, नागमोडी, एकात एक अडकलेले चौकोन असं सगळं मोझॅकच्या कुठल्याही प्रकारात जमतं, आणि चार हातांवरून बघणाऱ्याला फरक कळतही नाही. फरक पडतो तो कडेला धाग्याचं काय होतं, वीण अंगावर कशी पडते आणि उलट बाजू कशी दिसते यानं. कुशनच्या अभ्र्यात या तिन्ही गोष्टी झाकून जातात. शालीत झाकायला जागा नसते: तिला तीन कडा असतात, त्यातल्या एक-दोन तिरक्या, आणि खांद्यावर दुमडली की उलट बाजू समोर आलीच.

मोझॅकची गंमत अशी की एका ओळीत एकच रंग हातात असतो. दुसरा रंग दिसतो तो खालच्या ओळीतला टाका वर ओढून घेतल्यामुळे, किंवा वरच्या ओळीतून खाली लांब टाका घातल्यामुळे. दोन धागे एकदम सांभाळायची भानगड नाही. दोन सुयांवरच्या विणकामात या पद्धतीला मोझॅक हे नाव 1970 च्या सुमारास अमेरिकेच्या बार्बरा वॉकर यांनी दिलं. क्रोशात ती दोन वाटांनी आली, ओव्हरले आणि इनसेट. ट्युनिशियन ही त्यापुढची तिसरी वाट. म्हणजे शालीसाठी उमेदवार चार.

ट्युनिशियन न केलेल्यांसाठी थोडक्यात. क्रोशाची लांब सुई किंवा दोरी लावलेली सुई घ्यायची, उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक टाक्यातून एक लूप उचलून सगळे सुईवर ठेवायचे आणि परत येताना ते दोन-दोन करून सोडवत यायचं. जाणं आणि येणं मिळून एक ओळ. काम कधीच पालटायचं नाही, सुलट बाजू कायम तोंडासमोर. (डावखुऱ्यांनी हे सगळं आरशातलं समजावं.)

आधी कडा

ओव्हरलेमध्येही सुलट बाजू कायम समोर असते, पण परतीची ओळ नसते. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी धागा कापायचा आणि पुढची ओळ पुन्हा उजवीकडून सुरू करायची. दोनशे ओळींची शाल म्हणजे चारशे टोकं. चादरीला लोक दुहेरी काठ विणून ही टोकं त्यात कोंबतात. शालीला तसा जाड काठ लावला की ती कडेला ताठ होते आणि मधे ढिली.

इनसेटमध्ये एका रंगाच्या दोन ओळी होतात, एक सुलट बाजूनं आणि एक उलट. धागा सुरुवातीच्या कडेला परत येतो, म्हणून कापावा लागत नाही. दोन सुयांवरच्या मोझॅकचं गणितही हेच.

ट्युनिशियनमध्ये हा हिशेब एकाच ओळीत मिटतो, कारण परतीच्या फेरीत धागा आपोआप उजवीकडे येतो. रंग बदलायची जागाही ठरलेली: परत येताना सुईवर शेवटचे दोन लूप उरले की हातातला रंग सोडायचा, दुसरा घ्यायचा आणि त्यानंच ते दोन सोडवायचे. सुईवर उरलेला एक लूप हाच पुढच्या ओळीचा पहिला टाका, आणि तो नव्या रंगाचा असतो. सोडलेला धागा दरवेळी नव्या धाग्याच्या एकाच बाजूनं घ्या, कधी पुढून कधी मागून नको. तसं केलं तर उजव्या कडेला दोन रंगांचा बारीक पीळ उभा राहतो आणि वेगळा काठ नाही लावला तरी चालतं. तो धागा घट्ट ओढला मात्र की कड आखडते, आणि आखडलेली कड ब्लॉकिंगनंही (म्हणजे भिजवून, टाचण्या लावून वाळवल्यानंही) सुटत नाही.

यातला मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: दोन्ही रंग नेहमी उजव्या कडेला. डावी कड मोकळी.

अंगावर पडणं आणि उलट बाजू

इथे ट्युनिशियनची बाजू लंगडी आहे. साध्या ट्युनिशियन टाक्याची वीण दाट येते. लेबलवर सांगितलेली सुई घेतली तर शाल न होता पायपुसणं होतं. 100 ग्रॅमला 400 मीटरच्या आसपास भरणारी बारीक लोकर घेऊन 5.5 ते 6.5 मिलीमीटरची सुई लावा, वीण मोकळी होते. विणताना ती जरा भोंगळ वाटेल. वाटू द्या.

दोन सुयांवरची शाल चौघांत सगळ्यात हलकी आणि मऊ पडते, याबद्दल वाद नाही. इनसेट तिच्या खालोखाल. ओव्हरलेमध्ये लांब टाके वरून चढलेले असतात, वीण दुपदरी झाल्यासारखी जाड होते. थंडीत ती ऊब देईल, पण गळ्याभोवती दोन वेढे घेऊन बघा, हनुवटीपर्यंत येते.

उलट बाजू ओव्हरलेची सगळ्यात स्वच्छ, नुसत्या आडव्या पट्ट्या, जणू दुसरीच शाल. ट्युनिशियनची उलट बाजू खडबडीत दाण्यांची असते. तिच्यावर पट्ट्या दिसतात आणि जिथे टाका न विणता सोडला तिथे आडवा धागा. वाईट दिसत नाही, पण दोन्ही बाजूंनी मिरवायची शाल हवी असेल तर ही ती नव्हे.

नक्षीच्या रेघांबद्दलही एक सांगून ठेवते. साध्या ट्युनिशियन टाक्यात उभ्या दांड्यांच्या मधून परतीच्या फेरीचे आडवे धागे डोकावतात, त्यामुळे जवळून रंगांची सीमा किंचित विरलेली दिसते. ज्यांना सुरीनं कापल्यासारखी रेघ हवी त्यांनी ओव्हरले करावं. मला ते विरलेपण शालीवर आवडतं.

त्रिकोण कुठल्या दिशेनं वाढवायचा?

बहुतेकांचा निर्णय चुकतो तो इथे, कारण दिशा आवडीची बाब म्हणून घेतली जाते. दोन सुयांवर ती काही अंशी आवडीची आहेही. ट्युनिशियनमध्ये मात्र अख्खी ओळ एका वेळी सुईवर घ्यावी लागते, म्हणून सगळ्यात लांब ओळ किती लांब यावर सगळं अडतं.

एकच शाल धरून चालू. वरची कड साधारण 184 सेंटीमीटर, मधली खोली 92, दोन्ही तिरक्या कडा 130च्या. मानेच्या मध्यातून सुरू करून खाली वाढवत नेली तर शेवटची ओळ दोन्ही तिरक्या कडांना समांतर, म्हणजे 260 सेंटीमीटर. खालच्या टोकापासून वर विणत गेलात तर शेवटची ओळ 184. बाजूच्या अणकुचीदार कोपऱ्यातून निघून एक तिरकी कड सरळ ठेवून विणलं तर सगळ्यात लांब ओळ 130. त्याच कोपऱ्यातून वरची कड सरळ ठेवून मध्यापर्यंत वाढवत आणि मग कमी करत गेलात तर सगळ्यात लांब ओळ फक्त 92, तीही एकदाच. चारही वेळा शाल तीच, लोकरही तेवढीच. 260 सेंटीमीटरचे लूप दोरीवर दाटीवाटीनं बसवता येतात, पण प्रत्येक ओळीला ते सगळे सरकवत न्यायचे आणि सरकवत आणायचे. शेवटच्या वीस ओळी सरता सरत नाहीत.

मानेपासून विणण्यात आणखी एक अडचण. उजवी कड म्हणजे वरच्या काठाचा उजवा अर्धा भाग. रंगांचा पीळ फक्त तेवढ्याच भागावर येतो आणि गळ्याशी निम्मा काठ एक, निम्मा दुसरा असं दिसतं. वरून काठ विणून झाकावं लागतं. शिवाय नक्षी कण्याच्या (मानेपासून खालच्या टोकापर्यंतच्या मधल्या रेघेच्या) दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायची, ओळीला चार टाके वाढवायचे, तेही टाक्याची उंची आणि रुंदी सारखी आली तर. मोझॅकनं ओळी दाबल्या जाऊन बुटक्या झाल्या तर चार टाके जास्त होतात आणि वरची कड सरळ न राहता दोन्ही पंख वर उचलतात. दोन सुयांवर हीच रचना सुंदर जमते. ट्युनिशियनला ती घ्यायचा हट्ट नको.

ट्युनिशियनसाठी माझं मत सरळ आहे: कोपऱ्यातून आडवं विणा आणि वाढवणं-घटवणं सगळं डाव्या कडेला करा. उजवीकडे दोन्ही धागे चढतायत, तिथे टाके वाढवले तर पीळ ताणला जातो. डावीकडे शेवटचा टाका सोडून त्याच्या आधीच्या फटीतून एक जादा लूप उचलला की झालं. कमी करताना त्याच जागी दोन उभे दांडे एकदम उचलायचे. शेवटचे तीन टाके नक्षीविना साधे ठेवलेत तर वाढ नक्षीत लुडबुड करत नाही.

दर ओळीला एक टाका वाढवला तर उतार 45 अंशांचा येतो. पसरट, लांबुडकी शाल हवी असेल तर एकाआड एक ओळीत वाढवा, उतार साधारण 27 अंशांवर येतो. रंग आलटून पालटून असल्यानं मोजायचीही गरज नाही, गडद ओळीत वाढवायचं, फिक्या ओळीत नाही. अशी 180 बाय 90ची शाल जवळजवळ त्या 184च्या शालीइतकीच लोकर खाते.

लोकर कधी संपणार हा प्रश्नही दिशेवरच अवलंबून. मध्यापर्यंत वाढवून परत कमी होणाऱ्या शालीत दोन्ही गुंडे काट्यावर ठेवा; त्यातला एक निम्मा झाला की वळा. नुसतं वाढतच जाणाऱ्या शालीत मात्र फसगत होते. निम्मी लोकर संपते तेव्हा ओळ शेवटच्या लांबीच्या 70 टक्क्यांवर पोचलेली असते, निम्म्यावर नव्हे. म्हणजे अर्धा गुंडा शिल्लक दिसला तरी शाल लांबीला फार वाढणार नसते.

आणि खालच्या टोकापासून वर? ही रचना मी ओव्हरलेसाठी राखून ठेवीन. प्रत्येक ओळीची दोन्ही टोकं खालच्या दोन तिरक्या कडांवर येतात, नेमकी जिथे शालीला झिरमिळ्या शोभतात तिथे. कापताना वीतभर धागा ठेवायचा, शेवटी चार-चारची गाठ मारायची. जी चारशे टोकं वर गैरसोय म्हणून मोजली, ती इथे फुकटची झालर. शिवाय ओळी आडव्या असल्यानं पाठीवर नक्षी उभी, सरळ दिसते. झिरमिळ्या आवडत असतील तर इथे ट्युनिशियन मागे पडतं.

ट्युनिशियनच ठरलं, तर कुठलं?

त्यातही दोन पोटप्रकार. एकात टाका विणायचा नाही, नुसता सुईवर चढवून घ्यायचा, म्हणजे खालचा रंग वर खेचला जातो. दुसऱ्यात दोन ओळी खाली जाऊन लांब टाका घालायचा. लांब टाक्यांची नक्षी उठून दिसते, पण वीण जाड होते आणि लोकर जास्त लागते. शालीसाठी पहिला.

आराखडा निवडताना एक खोच आहे. दोन सुयांवरच्या मोझॅकचे आराखडे या पहिल्या प्रकाराला थेट चालतात, आराखड्यातली एक ओळ म्हणजे ट्युनिशियनची एक ओळ. ओव्हरलेचे मात्र नाहीत. तिथे लांब टाक्याची खूण वरच्या ओळीत असते, आणि चढवलेला टाका त्याच्या खालच्या ओळीत करावा लागतो. शिवाय ओव्हरलेत शेजारी-शेजारी आठ लांब टाके सहज असतात. इथे तीनपेक्षा जास्त टाके सलग सोडले की मागे लांब धागा लोंबतो आणि त्यात बोटं, अंगठ्या, बांगड्या अडकतात.

वाचायला ट्युनिशियन सगळ्यात सोपं. आराखडा कायम एकाच दिशेनं, आणि परतीच्या फेरीत बघायचंच काही नसतं. टीव्ही बघत विणणाऱ्यांना याची किंमत कळेल. उसवणंही सुसह्य: जाताना चुकलं तर लूप सुईवरून काढा आणि धागा ओढा. ओव्हरलेत उसवलं की हातात कापलेले तुकडेच येतात.

लोकर पाहून निर्णय बदलतो

ट्युनिशियनला वळायची खोड आहे. सुरुवातीची कड वर गुंडाळते, कारण विणीची जाडी सगळी मागच्या बाजूला जाते. कोपऱ्यातून विणलेल्या शालीत सुरुवातीची ओळ दोन-तीन टाक्यांचीच असल्यानं हा त्रास कमी होतो, तरी टोक वळतंच. शंभर टक्के लोकर असेल तर भिजवून, पिळून, टाचण्या लावून वाळवली की निमूट बसते, आणि मोठ्या सुईची मोकळी वीणही तेव्हाच खुलते. गडद रंगाचा धागा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. रंग सोडत असेल तर भिजवायच्या वेळी फिक्या रंगाची वाट लागेल.

ॲक्रिलिक नुसत्या पाण्याला दाद देत नाही. वाफ द्यावी लागते, तीही इस्त्री न टेकवता, आणि उष्णता जास्त झाली तर धागा कायमचा लुळा पडतो. तुमच्याकडे ॲक्रिलिकच असेल आणि वाफेचा भरवसा नसेल, तर ट्युनिशियनचा नाद सोडून इनसेट करा. ते मुळातच कमी वळतं. सुती धाग्याचं उलटं, तो वळत नाही तितका, पण दाट ट्युनिशियन विणीत एवढा जड होतो की शाल स्वतःच्या वजनानं लांब होत जाते. सुतीला दोन सुया बऱ्या.