दाबोळी की मोपा? ‘ग्रेट सर्कल मॅपर’वर हवाई अंतर काढताना

आडबाजूच्या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर काढायचं तर ‘ग्रेट सर्कल मॅपर’ या मोफत संकेतस्थळाला आमची पहिली पसंती. रूप जुन्या वळणाचं, पण हिशेब चोख. पृथ्वी चेंडूसारखी गोल न धरता ध्रुवांपाशी किंचित चपटी धरून ते अंतर काढतं. दोन विमानतळांच्या कोडांमध्ये आडवी रेघ दिली की अंतर, निघतानाची दिशा आणि नकाशा समोर येतो.

गोव्यातून वापरताना मात्र कोड डोळ्यांत तेल घालून टाका. दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. चार अक्षरी कोड तर आणखी फसवे: दाबोळी व्हीओजीओ, मोपा व्हीओजीए. लक्षद्वीपमधलं अगत्ती, म्हणजे एजीएक्स, दाबोळीहून सुमारे ५३५ किलोमीटर आणि मोपाहून ५७४. शेवटचं एक अक्षर चुकलं की चाळीसेक किलोमीटरचा फरक, एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाची जवळपास पाच मिनिटं.

आडवाटेच्या पुष्कळ धावपट्ट्यांना तीन अक्षरी कोड नसतोच. तिथे चार अक्षरी कोड, तोही नसेल तर अक्षांश-रेखांश. १५ अंश २२ मिनिटं म्हणजे १५.२२ नव्हे, मिनिटांना ६० ने भागायचं, उत्तर १५.३७. इथे चुकलात तर बिंदू सोळा किलोमीटर दक्षिणेला सरकतो.

या साधनाची खरी किंमत कळते ती ध्रुवाजवळ. नॉर्वेचं लाँगयरब्येन, एलवायआर, ते अलास्काचं उटकियागविक, बीआरडब्ल्यू, हे अंतर काढून बघा. भिंतीवरच्या मर्केटर, म्हणजे अक्षांश-रेखांश सरळ आडवे-उभे दाखवणाऱ्या, नकाशावर सरळ रेघ ओढून त्या रेघेने गेलं तर सुमारे ५,००० किलोमीटर पडतात. ग्रेट सर्कलने, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने, सुमारे ३,३९०, कारण वाट ध्रुवाला जवळजवळ घासून जाते आणि निघतानाच विमानाचं नाक उत्तरेकडे असतं. परदेशी जहाजांवर रुजू व्हायला दूरदूर उडणाऱ्या आपल्या तारवट्यांनी हे एकदा जरूर पाहावं.

आकडा घेताना एकक तपासा. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा १.६०९ चा.

उणीव म्हणायची तर एकच: मिळतं ते सर्वांत कमी अंतर, उडलेलं नव्हे. हवाई मार्ग, हवामान, बंद आकाश यांचा वळसा त्यात नसतो. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा कार्बन कॅल्क्युलेटर यासाठी ५५० किलोमीटरच्या आत ५०, ५,५०० पर्यंत १०० आणि पुढे १२५ किलोमीटर वाढवतो. तो नियम लावला तर दाबोळी-अगत्ती ५८५ होतं आणि मोपा-अगत्ती ६७४. चाळीसचा फरक नव्वदीच्या घरात जातो.

पडताळा एक्सेलमध्ये गोलावरच्या अंतराचं सूत्र मांडून घ्या. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, दक्षिण आणि पश्चिमेला उणे चिन्ह, आणि अंशांचं रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात रूपांतर केल्याशिवाय साइन-कोसाइनला हात लावू नका. दोन उत्तरांत अर्ध्या टक्क्याहून जास्त तफावत दिसली, तर आधी कोड तपासा, मग चिन्हं.