वादविवाद की बाजू बदलून चर्चा?

नागरिकशास्त्राच्या तासाला ‘मतदानाचं वय १६ करावं का?’ असा विषय दिला की सहावी-सातवीची मुलं लगेच पेटतात. नेहमीच्या वादविवादात दोन गट, ठरावीक वेळ आणि शेवटी निकाल. तयारी जोरात होते. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये हे वय १६ केलं, हे कुणीतरी स्वतः शोधून आणतं. पण बोलतात चार-पाचच जण, बाकीचा वर्ग टाळ्यांपुरता. शिवाय जिंकायचं असल्यामुळे समोरच्याचा पटलेला मुद्दाही खोडून काढायची सवय लागते.

दुसरी पद्धत अमेरिकेतल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या शिक्षणतज्ज्ञ भावांची. चौघांचा गट, त्यात दोन जोड्या. एक जोडी बाजू मांडते, दुसरी तीच आपल्या शब्दांत परत सांगते. मग बाजूंची अदलाबदल. शेवटी बाजू सोडून चौघांनी मिळून सहमती शोधायची. नाहीच जमली, तर नेमकं कुठे अडलं ते लिहायचं. एरवी गप्प बसणाऱ्यांनाही इथे बोलावंच लागतं. गोंगाट मात्र भरपूर (शेजारच्या वर्गाची आधीच माफी मागून ठेवावी), आणि एका तासात क्वचितच आटोपतं.

माझा कल या दुसऱ्या पद्धतीकडे. वादविवाद वर्षअखेरीस एकदा ठेवावा, मुलांना एकमेकांकडे पुरावा मागायची सवय लागल्यावर.