आमच्या औजार बँकेतली अर्थ समजणारी यादी : नऊ महिने वापरल्यावर

"ताई, उद्या डवरा भेटन का?"

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतला फोन. मी लॅपटॉपवरच्या एक्सेलच्या यादीत 'डवरा' शोधलं, काहीच आलं नाही. "नाही हो काकाजी," म्हणून फोन ठेवला आणि मागे वळले, तर दोन डवरे शेडच्या टिनाला टेकून उभे! यादीत ते 'कोळपे' म्हणून चढले होते. दुकानाच्या बिलावर तसं छापलं होतं आणि मी बिलं समोर ठेवूनच यादी टाइप केली होती. काकाजींनी शेजारच्या गावातून डवरा आणला आणि ही गोष्ट पुढे सहा महिने पारावर ज्याला त्याला ऐकवली.

आमची औजार बँक बचत गटाची आहे, आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात. सायकल डवऱ्यापासून श्रेडरपर्यंत लहानमोठी ३१ औजारं, चार गावांचे शेतकरी आणि फोन घ्यायला मी एकटी. बहिणीचा मुलगा नागपूरला कॉम्प्युटरचं शिकतो. मागच्या मे महिन्यात सुट्टीत येऊन त्याने ही नवी यादी बसवून दिली. आता फेब्रुवारी संपत आला. एक अख्खा खरीप आणि बराचसा रब्बी तिच्यावर काढलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

कल्पना तशी जुनी. वेब ज्यांनी जन्माला घातलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी २००१ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर लेख लिहून ती लोकांपुढे मांडली होती : माहितीला अर्थ असा जोडायचा की यंत्रालाही तो धरता यावा. करायचं एवढंच, की प्रत्येक गोष्ट तीन पदांत लिहायची. 'श्रेडर – बारीक करतो – पऱ्हाटी', पऱ्हाटी म्हणजे कपाशीची झाडं. 'डवरा – काढतो – ओळींमधलं तण.' इंग्रजीत त्याला ट्रिपल म्हणतात. आमच्या गटातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'तिफण' ठेवलं, तीन फणांची म्हणून. अशा आठशेच्या वर तिफणी आम्ही तीन रविवार बसून लिहिल्या. सॉफ्टवेअर फुकटचं आहे, मेहनत मात्र आपलीच.

सगळ्यात जास्त वेळ शब्दांवर गेला आणि सगळ्यात जास्त फायदाही तिथेच झाला. शब्दसंग्रह लिहायची 'स्कॉस' नावाची एक पद्धत आहे, २००९ साली ठरलेली. तिच्यात प्रत्येक संकल्पनेला एका भाषेत एकच मुख्य नाव चालतं, बाकीची सगळी पर्यायी. यावरून आमच्याकडे भांडणच लागलं. मुख्य नाव डवरा की कोळपे? बिलात कोळपे, शिबिरात वाटलेल्या पत्रकात कोळपणी, आणि गावात मरेपर्यंत डवराच. भाच्याने तोड काढली. "मावशी, वऱ्हाडीला आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा वेगळा कोड आहे, व्ही-ए-एच. मराठीत मुख्य नाव कोळपे ठेवू, वऱ्हाडीत डवरा." आपल्या बोलीला असा कोड असेल हे मला ठाऊकच नव्हतं. मग काय, खुरपणीसमोर निंदण, बांधासमोर धुरा, बैलगाडीसमोर बंडी, असं लिहिता लिहिता संध्याकाळ झाली.

एक गंमत सांगते. 'पऱ्हाटी' हा शब्द दोन तऱ्हेने टाइप होतो. एकात 'ऱ' हे सुटं अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या 'र'चा पाय मोडून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घातलेलं असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. माझ्या मोबाइलवरून शोधलं की श्रेडर सापडायचा, लॅपटॉपवरून नाही. आठवडाभर मी मोबाइललाच हुशार समजत होते. शेवटी दोन्ही तऱ्हा आणि बोलण्यातली 'पराटी' अशी तिन्ही नावं लिहून टाकली. मराठीत असं काही करणाऱ्यांनी 'ऱ्ह' आणि 'ऱ्य'चे शब्द आधी तपासावेत.

पिकं आणि किडींसाठी आम्ही 'ॲग्रोव्हॉक'चे दुवे जोडले. हा जागतिक अन्न व कृषी संघटनेचा शब्दकोश, १९८०च्या दशकापासून चालू आहे आणि ४०हून अधिक भाषांत आहे. त्यात प्रत्येक संकल्पनेला कायमचा पत्ता असतो, नाव कुठल्याही भाषेतलं असो. गुलाबी बोंडअळी, तूर, संत्रा यांना त्याचा चांगला आधार झाला. वखर आणि पेरायची खरी तिफण यांची जुळणी मात्र आम्हालाच करावी लागली.

आता खरं काम. पेरणीच्या दिवसांत आमचं रुंद वरंबा सरीचं बीबीएफ यंत्र एक आणि मागणारे बावीस. यादी कितीही शहाणी असली तरी एकाची दोन यंत्रं करत नाही. पण प्रत्येक वावराची जमीन आम्ही लिहून ठेवली होती : बरड, मध्यम की भारी. पाऊस उघडल्यावर बरडाला आधी वापसा, म्हणजे काम करण्याजोगी ओल, येतो, भारी काळ्या जमिनीत ट्रॅक्टरला तीन-चार दिवस शिरताच येत नाही. पूर्वी ज्याचा फोन आधी त्याला यंत्र, मग ते भारी वावराच्या धुऱ्यावर दोन दिवस उभं आणि बरडवाले माझ्या नावाने बोटं मोडतात. यंदा यादीने बरड आधी, भारी नंतर असा क्रम काढून दिला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हेही तिच्यात टाकलं होतं, त्यामुळे पहिल्या सरीवर उडी मारणाऱ्यांना 'अजून थांबा' असं उत्तर मिळायचं. ते माझ्या तोंडून गेलं असतं तर राग आला असता. कॉम्प्युटर म्हणतो म्हटल्यावर लोक ऐकतात. का, ते देव जाणे.

जुलैपासून मात्र ठेचा लागायला लागल्या. लहान ट्रॅक्टर असलेल्या एका भाऊंना यादीने मोठा रोटावेटर सुचवला. भाऊ घेऊन गेले, जोडला, तो उचलेचना. दुपारी परत आणून टाकला आणि भाडं देणार नाही म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. झालं असं, की रोटावेटरला किती एचपी लागते हा रकानाच मी भरला नव्हता. एक्सेलमध्ये रिकामा म्हणजे रिकामा. या पद्धतीत मात्र लिहिलं नाही म्हणजे 'नाही' असं धरत नाहीत, 'माहीत नाही' असं धरतात, आणि आमची यादी माहीत नसलेलं जुळेल म्हणून पुढे ढकलत होती. माणसांच्या बाबतीत हा स्वभाव चांगला, रोटावेटरच्या बाबतीत नाही. पुढे भाच्याने 'शॅकल' नावाच्या पद्धतीने अट घातली : एचपी लिहिल्याशिवाय ट्रॅक्टरचं औजार यादीत चढणारच नाही. ही अट पहिल्या दिवशीच घालायला हवी होती.

दुसरी ठेच फवारणीची. सप्टेंबरात एका वहिनींनी कपाशीवर फवारणीसाठी विचारलं आणि यादीने पहिल्या नंबरावर काढला संत्र्याच्या बागेतला ट्रॅक्टरचा ब्लोअर. छातीएवढ्या कपाशीत! आम्ही सगळी फवारणीची यंत्रं एकाच टोपलीत घातली होती. औजाराचा प्रकार लिहिला, पण ते कुठल्या पिकात, केवढ्या झाडात, कुठल्या वाटेने जातं ते लिहिलं नव्हतं. वहिनी फोनवर हसल्या, "ताई, हे ब्लोअर माह्या पराटीले आडवं पाडन ना!" त्या रात्री आम्ही पांदण रस्ताही यादीत घातला. कुठल्या वावराला ट्रॅक्टर पोचतो, कुठल्याला बंडीच जाते, कुठे डोक्यावरूनच न्यावं लागतं. माझ्या मते सगळ्या यादीतली सर्वात कामाची माहिती हीच, आणि ती कुठल्याही तयार शब्दकोशात मिळणार नाही.

कोणी घ्यावं? दहा-बारा औजारं असतील तर नका पडू यात, वही पुरते. गावात वीज जाते, लॅपटॉप म्हातारा आहे, आणि काही बिघडलं की मला नागपूरला फोन लावावा लागतो. भाच्याची परीक्षा होती तेव्हा पंधरा दिवस एक चूक तशीच राहिली. पण तीन-चार गावं, बरीच औजारं आणि फोनवर गरज सांगणारे लोक असतील, तर शब्दांचं काम तरी कराच. लोक औजाराचं नाव फार कमी घेतात. "तण लय झालं", "मजूर भेटून नाही रायले", "अळीनं खाल्लं" असं सांगतात. तिथून औजारापर्यंत जायची वाट पूर्वी माझ्या डोक्यात होती, आणि मी माहेरी गेले की बँक बंद.

या महिन्यात याचं चांगलं उदाहरण मिळालं. गटातलीच दुसरी बाई फोनवर होती, मी लग्नाला गेले होते. एक मावशी म्हणाल्या, "औंदा बोंडअळीनं वाटोळं केलं, आता काय करू?" तिने नुसतं 'बोंडअळी' टाकलं. उत्तर आलं श्रेडर. वाट अशी : गुलाबी बोंडअळी उरलेल्या बोंडांत सुप्त राहते, बोंडं पऱ्हाटीवर, पऱ्हाटी बारीक करतो श्रेडर. शेजारी इशाराही होता, फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कपाशी पुढे तशीच राखू नका. औजाराचं नाव कोणी घेतलं नव्हतं आणि मी तिथे नव्हते, तरी जुळलं. आल्यावर ऐकलं तेव्हा मी खूश.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः शेडवर आल्या. श्रेडरकडे पाहिलं, किंमत विचारली, मग म्हणाल्या, "सारी पराटी बारीक केल्यावर चूल कायनं पेटवू? सिलिंडर घ्याले पैसे कुठं हाय?"

आठशे तिफणींत पऱ्हाटी आणि सरपण यांना जोडणारी एकही नव्हती. आम्ही सगळ्या त्याच पऱ्हाटीवर पाणी तापवत लहानाच्या मोठ्या झालो, आणि कोणालाच ते लिहायचं सुचलं नाही. मावशींना मी पऱ्हाटी उपटायचा चिमटा दिला. किडकी बोंडं आधी तोडून जाळा, मगच पऱ्हाटी घरी न्या, वावरात ढीग लावून ठेवू नका, असं सांगितलं. चिमट्याचं भाडं दिवसाला २० रुपये. ते त्यांनी पदराच्या गाठीतून काढून दिले.

त्या गेल्यावर लॅपटॉप उघडून लिहिलं : 'पऱ्हाटी – होते – सरपण.' सध्या बोंडअळी टाकलं की श्रेडर आणि चिमटा दोन्ही येतात, कोणता आधी दाखवायचा ते अजून ठरलेलं नाही.