'क्रॅश लँडिंग ऑन यू': आठवड्याला दोनच भाग पाहा, आणि श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका

दक्षिण कोरियातल्या बड्या उद्योगपतीची मुलगी युन से-री पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते. ती सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यात उत्तर कोरियाच्या बाजूला झाडाला लटकते आणि गस्तीवरचा कॅप्टन री जंग-ह्यॉक तिला पाहतो. एवढ्या अचाट योगायोगावर उभी असलेली मालिका खरी वाटावी आणि शेवटपर्यंत धरून ठेवावी, यात लेखिका पार्क जी-उन यांचं कौशल्य आहे. दिग्दर्शन ली जंग-ह्यो यांचं आहे. से-री आणि जंग-ह्यॉक साकारणारी सन ये-जिन आणि ह्यून बिन ही जोडी तर अशी जमली आहे की दोघं नुसती शेजारी उभी राहिली तरी प्रसंग बोलू लागतो.

मालिका नीट अनुभवायची तर ती कशी प्रसारित झाली ते आधी समजून घ्यायला हवं. टीव्हीएन या दक्षिण कोरियाच्या केबल वाहिनीवर ती १४ डिसेंबर २०१९ ते १६ फेब्रुवारी २०२० या काळात शनिवारी-रविवारी रात्री ९ वाजता लागायची, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. भाग एकूण १६. मधले दोन शनिवार-रविवार सुटीचे गेले, एक जानेवारीच्या सुरुवातीला आणि दुसरा कोरियन नववर्षाचा. केबल वाहिनीला मध्ये जाहिरात घेता येत असे. केबीएस, एमबीसी, एसबीएस या मोठ्या वाहिन्यांना मात्र २०२१ पर्यंत तशी मुभा नव्हती, म्हणून त्या एकाच भागाचे अर्ध्या-पाऊण तासाचे दोन तुकडे करून मध्ये जाहिराती घालत. टीव्हीएनला ही कसरत करावी लागली नाही, त्यामुळे इथले भाग लांबलचक आहेत: साधारण सव्वा तासापासून पुढे, आणि शेवटचा तर पावणेदोन तासांच्याही वर.

लिखाण या वेळापत्रकाला धरूनच झालं आहे. शनिवारचा भाग वळण घेतो आणि रविवारचा भाग आठवडाभर पुरेल असा घाव घालतो. दुसऱ्या भागाचा शेवट म्हणजे रात्रीची घरझडती आणि जंग-ह्यॉकचं ते एक वाक्य. चौथ्याच्या शेवटी अंधारलेल्या बाजारात हरवलेल्या से-रीसाठी त्याने उंच धरलेली सुगंधी मेणबत्ती. आधी तिने अशी मेणबत्ती मागितली होती, तेव्हा तो साधी घेऊन आला होता. ते लक्षात असेल तरच हा प्रसंग पुरता पोहोचतो. सहावा, आठवा आणि दहावा भागही असेच संपतात. एका रात्रीत पाच-सहा भाग उरकले तर हे शेवट एकमेकांवर आदळतात आणि त्यांची धार जाते. म्हणून सल्ला एकच: आठवड्याला दोन भाग. अगदीच राहवलं नाही तर रोज दोन, पण जोडी मोडू नका.

दुसरी काळजी त्याहून महत्त्वाची. भागाच्या शेवटी श्रेयनामावलीनंतर एक छोटा उपसंहार येतो. त्याच घटनेची दुसरी बाजू, किंवा दोघांचा आधीचा एखादा धागा, तिथे उलगडतो. दोघांचा स्वित्झर्लंडमधला सगळा पूर्वेतिहास अशाच तुकड्यांतून जुळत जातो. नेटफ्लिक्स मात्र नावं सुरू होताच पुढच्या भागाकडे ढकलतं आणि हे तुकडे हातचे जातात. खात्यातल्या आपल्या प्रोफाइलच्या 'प्लेबॅक सेटिंग्ज'मध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होण्याचा पर्याय बंद करा, किंवा पडद्यावर श्रेयनामावली पाहण्याचा पर्याय आला की तो निवडा. मालिका अर्धवट कळली असं म्हणणाऱ्यांनी बहुधा हेच गमावलेलं असतं.

ऑडिओ कोरियनच ठेवा. से-रीची सोलची बोली आणि गावकऱ्यांची उत्तरेकडची बोली यांतला फरक शब्द कळले नाहीत तरी कानाला कळतो, आणि अर्धा विनोद तिथेच आहे. डबिंगमध्ये सगळे एकाच सुरात बोलतात.

मालिकेचं सोनं आहे ते पहिल्या नऊ भागांतल्या उत्तर कोरियाच्या गावात. उत्तर कोरियातून आलेले क्वाक मुन-वान लेखकांच्या चमूत होते, आणि त्याचा फायदा जागोजागी दिसतो. मिठात पुरून ठेवलेलं मांस, प्लॅस्टिकचा कागद लावून केलेली न्हाणी, बाजारात लपवून विकला जाणारा दक्षिणेचा माल, वीज गेल्याने माळरानात रात्रभर थांबलेली रेल्वे आणि तिच्याभोवती पांघरुणं-खाणं विकायला धावत आलेली माणसं. हे सगळं दयेने दाखवलेलं नाही. गावातल्या बायका भांडतात, चहाड्या करतात आणि वेळ आली की से-रीच्या पाठीशी उभ्या राहतात. दक्षिणेत या चित्रणावर टीकाही झाली. उत्तरेचं उदात्तीकरण केल्याचा आरोप करत एका छोट्या पक्षाने जानेवारी २०२० मध्ये पोलिसांत तक्रार केली होती.

दहाव्या भागापासून कथा सोलमध्ये येते आणि तिथे बांधणी सैल पडते. से-रीच्या भावांचं कारस्थान पातळ आहे, खलनायक जो चोल-गांगचा पाठलाग लांबतो, इस्पितळातले प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. शहरात शिरताच तळलेल्या चिकनसारख्या जाहिरातींच्या वस्तूही डोळ्यांत भरू लागतात. अकरा ते पंधरा हे भाग तरून जातात ते जंग-ह्यॉकच्या हाताखालचे चार सैनिक आणि चोरून ऐकण्याचं काम करणारा मान-बोक यांच्या जिवावर. त्या सैनिकांतला, कोरियन मालिकांचा वेडा किम जु-मोक आणि तेराव्या भागातली पाहुणी अभिनेत्री चोई जी-वू यांची भेट तर चुकवूच नका. दुय्यम जोडी, सो दान आणि गु सुंग-जुन, हिला लेखिकेने आणखी जागा द्यायला हवी होती. अभिनेत्री सो जी-हेने तुटपुंज्या प्रसंगांतून दानला जी प्रतिष्ठा दिली, ती पाहून ही उणीव जास्तच जाणवते.

पहिल्या भागाला निल्सन कोरिया या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेच्या मोजणीत ६.०७४ टक्के प्रेक्षक मिळाले, शेवटच्याला २१.६८३ टक्के. तो त्या वाहिनीचा तोवरचा उच्चांक होता. २०२४ मध्ये तो मोडला 'क्वीन ऑफ टीअर्स'ने, आणि तीही पार्क जी-उन यांचीच: शनिवार-रविवार, १६ भाग, मध्ये एकही सुटी नाही.

स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांसाठी एक नोंद. जंग-ह्यॉक सरोवराकाठी पियानो वाजवतो तो प्रसंग ब्रिएंझ सरोवरावरच्या इझेल्टवाल्ड गावात चित्रित झाला. चाहत्यांची गर्दी इतकी वाढली की त्या छोट्या धक्क्यावर जायला गावाने फिरतं फाटक बसवून ५ फ्रँक शुल्क लावलं. मालिकेतला झुलता पूल मात्र तिथे नाही. तो टून सरोवराकाठच्या सिग्रिसविलला आहे, त्यामुळे दोन्ही ठिकाणं पाहायची तर तेवढा वेळ हाताशी ठेवा.