स्पेक्ट्रमसाठी डायग्नोस्टिक कार्ट्रिज: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के, म्हणजे सिंक्लेअरचा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक, बंद पडला की लक्षणं ठरलेली: पडदा काळा, नाहीतर रंगीत चौकटींचा सडा, आणि सिंक्लेअरची १९८२ची कॉपीराइट ओळ काही केल्या येत नाही. म्हापसा, डिचोली, फोंडा इथल्या ओळखीच्यांकडून अशी यंत्रं माझ्याकडे येतात, बहुतेक आखातातून परतलेल्या कुणीतरी आणलेली. त्यांच्यासाठीच हे दोष शोधणारं कार्ट्रिज घेतलं, आणि आता ते टेबलावरून हलत नाही.

ते मागच्या एज कनेक्टरला (बोर्डाच्या कडेवरच्या उघड्या संपर्कांना) लागतं, मूळ रॉम (यंत्राचा कायमचा प्रोग्राम असलेली चिप) बाजूला सारतं आणि स्वतःचा प्रोग्राम चालवतं. त्यामुळे रॉम गेलेली असो की सगळी रॅम, तपासणी होतेच. खरी खुबी बॉर्डरमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या रंगीत कडेत आहे. पडद्यावरचं चित्र खालच्या १६के रॅममध्ये राहतं. तीच बिघडली की अक्षरं वाचायची कशी? बॉर्डरच्या रंगाला मात्र रॅम लागत नाही, तो यूएलए (पडद्याचं काम बघणारी चिप) स्वतः काढते. डिचोलीच्या एका यंत्रावर बॉर्डरमध्ये सात पट्टे हिरवे आणि एक लाल उमटला. म्हणजे आयसी ६ ते १३ या, खालच्या रॅमच्या आठ ४११६ चिपांपैकी नेमकी कोणती गेली ते कळलं. तेवढीच काढली, सॉकेट बसवलं, नवी चिप लावली, यंत्र सुरू. चाळीस वर्षांच्या बोर्डावर प्रत्येक वेळी सोल्डर काढताना ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेषा) उचलला जायची भीती असते. अंदाजाने आठही चिपा उपटणं मला कधीच पटलं नाही. या एका गोष्टीसाठी कार्ट्रिजचे पैसे वसूल झाले.

पण आधी मल्टिमीटर, मग कार्ट्रिज. ४११६ला तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. उणे ५ गायब आणि १२ चालू राहिलं की चिप मरते, नवी लावली तरी तीही मरते. उणे ५ आणि १२ बनवणारं टीआर४ ट्रान्झिस्टरचं सर्किट हीच नेहमीची दुखरी जागा. कार्ट्रिज यातलं काहीच सांगत नाही. झेड८० (मुख्य प्रोसेसर) किंवा यूएलए गेली असेल तर ते गप्पच बसतं, आणि दोघांपैकी कोण दोषी तेही तुम्हालाच शोधावं लागतं.

वरच्या ३२केची तपासणीही चोख आहे. तिथल्या मूळ चिपा म्हणजे ६४केच्याच, अर्धा भाग सदोष निघालेल्या. त्यांच्या जागी साधी ४१६४ (पूर्ण ६४केची चिप) चालते.

आपल्याकडची खारी, दमट हवा मात्र कनेक्टरची वैरी. जूनपासून संपर्कांवर हिरवट थर चढतो आणि कार्ट्रिज भलतेच दोष दाखवायला लागतं. आधी खोडरबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, की पट्टे पुन्हा खरे बोलतात. यंत्र चालू असताना ते लावू किंवा काढू नका, हलवूही नका. तिथे ९ आणि १२ व्होल्टच्या रेषा आहेत, जरा सरकलं की शॉर्ट.

तक्रार एकच. कोणता पट्टा कोणत्या आयसीचा, हे कार्ट्रिजवर छापलेलं नाही. मी कागदाची पट्टी चिकटवली आहे, पण पुढच्या आवृत्तीत बनवणाऱ्यांनी तेवढं छापावंच.