फोंड्याजवळचे डेंटिंग-पेंटिंग गॅरेज: काम चोख, वेळ आणि बिल सैल

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात ओरखडा दाखवला की बहुतेक ठिकाणी 'एका पॅनेलचे इतके' हा भाव आधी ऐकू येतो आणि गाडीकडे नजर नंतर वळते. फोंड्याजवळच्या या गॅरेजात क्रम उलटा आहे, आणि मी त्याची शिफारस करतो ती मुख्यतः याच कारणासाठी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभ्या असलेल्या माझ्या चंदेरी मेटॅलिक गाडीला मागच्या दारापासून चाकावरच्या पत्र्यावरून थेट बंपरपर्यंत कोणीतरी घासून गेले होते. सर्व्हिस सेंटरने तिन्ही भाग नव्याने रंगवावे लागतील असा अंदाज दिला होता. येथील मिस्त्रींनी ओरखड्यावर पाणी मारले, बोट आडवे फिरवून नख कुठे अडकते ते पाहिले आणि "साहेब, दाराला रंग नको, रबिंगमध्ये निघेल" असे सांगून एका पॅनेलचे काम स्वतःहून कमी केले.

त्यांचे म्हणणे रास्त होते. कारखान्यातून येणाऱ्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते: पत्र्यालगत गंजरोधक प्रायमर, त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा सरफेसर, मग मूळ रंग आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. ओरखडा केवळ या वरच्या थरात असेल, तर पाणी मारताच तो दिसेनासा होतो आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यासह वापरायच्या अतिबारीक पॉलिश पेपरने) हलकेच घासून कंपाउंड, म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट, फिरवल्यास निघूनही जातो. कारखान्यात हा रंग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेला असतो. गॅरेजच्या बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या बंद खोलीत, गाडीचे प्लास्टिक आणि वायरिंग जागेवर असताना, ६० अंशांच्या फारसे पुढे जाता येत नाही. त्यामुळे जेथे मूळ रंग वाचवता येतो तेथे तो वाचवणेच शहाणपणाचे.

चाकावरच्या पत्र्याला मात्र ही सवलत नव्हती. ओरखडा थेट पत्र्यापर्यंत गेला होता आणि खाऱ्या हवेने त्याच्या कडेला गंजाची बारीक रेघ आधीच धरली होती. ती पूर्ण घासून काढल्यावर एपॉक्सी प्रायमर मारून मगच लांबीचा (खड्डे भरणाऱ्या पुट्टीचा) अगदी पातळ थर भरण्यात आला. ही लांबी पाणी शोषून घेते आणि आत राहिलेला ओलावा पुढे रंगाला फोड आणतो, म्हणून तिच्यावर कोरडाच पेपर मारला गेला. घाईच्या गॅरेजांत येथेच पाण्याची बादली पुढे येते.

रंग जुळवण्याचे काम मी जवळ उभे राहून पाहिले. गाडीवरच्या पट्टीवरील रंगाचा कोड पाहून रंग बनवला, तरी तो लगेच गाडीवर चढला नाही. आधी पत्र्याच्या एका तुकड्यावर फवारून, क्लिअर कोट देऊन, तो तुकडा बाहेर उन्हात दाराशेजारी धरला गेला आणि समोरून व तिरका असा दोन्ही बाजूंनी पाहिला गेला. चंदेरी मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, आणि फवारा ओला की कोरडा, रंग फवारायची गन जवळ की दूर, यावर त्या कशा बसतात ते ठरते. म्हणूनच समोरून जुळणारा रंग तिरक्या नजरेला काळपट दिसू शकतो. दोनदा छटा बदलल्यावर, दाराचा मूळ रंग तसाच ठेवून, केवळ जोड दिसू नये म्हणून रंगाची कड दाराच्या मागच्या भागात विरवत नेली आणि क्लिअर कोट पूर्ण दारावर दिला, त्यामुळे जोड कुठे आहे हे आज मलाही दाखवता येत नाही.

उशीर मात्र बराच झाला. पावसाळ्यात दमट हवेत रंग मारल्यास त्यावर पांढुरकी झाक येते आणि कॉम्प्रेसरच्या हवेतून पाण्याचे थेंब उतरतात, म्हणून सरी सुरू असताना त्यांनी गनला हात लावला नाही. हे कारण पटण्यासारखेच आहे. पण आषाढात गाडी घेताना ते आधीच सांगितले असते, तर रोज फोन करण्याची वेळ आली नसती.

बिलाबाबत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. रक्कम सर्व्हिस सेंटरच्या अंदाजाच्या जवळजवळ निम्मी होती, परंतु 'पेंटिंग व मटेरियल' या एका ओळीत सारे उरकले होते. कोणत्या कंपनीचा क्लिअर कोट आणि तो कडक करणारा हार्डनर वापरला, हे मागून घ्यावे लागले. विम्याचा दावा करणाऱ्यांना असे बिल उपयोगी पडणार नाही. एवढ्या लहान कामासाठी दावा करणे मला तरी परवडणारे नव्हते, कारण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आधी स्वतः भरावे लागतात आणि वर ५० टक्क्यांपर्यंत साठत गेलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हातचा जातो.

बंपरच्या खालच्या कडेला क्लिअर कोट थोडा खरबरीत, संत्र्याच्या सालीसारखा, राहिला आहे. दाखवल्यावर मिस्त्रींनी वाद घातला नाही. रंग पुरता कडक झाला आणि चवथीची गर्दी ओसरली की गाडी परत आणा, घासून पॉलिश करून देतो, असे ते म्हणाले. त्याचे वेगळे पैसे लागणार नाहीत, हे मी बिलाच्या मागे त्यांच्या सहीनिशी लिहून घेतले आहे.